संगणकीय ध्वनिसंश्लेषक व स्वप्रकाशित संगीत

सिंथेसायझर या नावाने परिचित असलेल्या ध्वनिसंश्लेषक वाद्याचे कार्य विशेष विद्युत् मंडलांऐवजी सर्वसाधारण संगणकावरील आज्ञावलीकडून करून घेता येते. अशा आज्ञावलीस संगणकीय ध्वनिसंश्लेषक म्हणतात. तिच्या साहाय्याने रचलेले संगीत ध्वनिमुद्रण कंपनीच्या मध्यस्थीवाचून रचनाकाराने स्वतःच प्रसिद्ध केल्यास ते स्वप्रकाशित संगीत होय. वाद्य, ध्वनिमुद्रणगृह व प्रकाशनसंस्था ही पूर्वी परस्परांपासून भिन्न असलेली तीन अंगे विसाव्या शतकाच्या अखेरीस एकाच व्यक्तीच्या हाती आली, हे या संगीताच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

तत्त्व : ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार. ते ठराविक कालांतराने मोजून अंकांत मांडता येतात. सीडी तबकडीवर प्रत्येक ध्वनिमार्गासाठी दर सेकंदास असे ४४,१०० अंक नोंदलेले असतात. याउलट, अंकांची अशी मालिका गणिताने निर्माण करून तिचे विद्युत् दाबात रूपांतर केले व ती ध्वनिक्षेपकाकडे पाठविली, तर कोणत्याही तारेवर वा पडद्यावर कधी न वाजलेला ध्वनी ऐकू येतो.

विकास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील अभियंते मॅक्स मॅथ्यूज (१९२६–२०११) यांनी १९५७ मध्ये ‘म्यूझिक-१’ ही आज्ञावली सिद्ध केली. तिच्यावर वाजविलेली पहिली रचना सुमारे १७ सेकंदांची होती. त्या काळी संगणक मोठ्या संस्थांपाशीच असत आणि काही क्षणांच्या ध्वनीसाठीही दीर्घकाळ गणना करावी लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये एका तरंगाने दुसऱ्या तरंगाची कंप्रता सतत बदलत ठेवून अल्प गणनेत समृद्ध नाद निर्माण करण्याची पद्धत शोधून काढली. तिचे हक्क घेऊन जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ मध्ये ‘डीएक्स-७’ हे वाद्य बाजारात आणले. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ ही संकेतपद्धती प्रचारात आली. डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) व इकुतारो काकेहाशी (१९३०–२०१७) यांचा तिच्या उभारणीत प्रमुख वाटा होता.

स्वप्रकाशनाचा आरंभ संगणकीय वाद्यांच्या प्रसारापूर्वीच झाला होता. डिट्रॉइट येथे वान ॲटकिन्स यांनी १९८५ मध्ये ‘मेट्रोप्लेक्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था स्थापून टेक्नो संगीताच्या तबकड्या काढल्या. रोलंड कंपनीचे ‘टीबी-३०३’ (१९८१) हे यंत्र बेस गिटारला पर्याय म्हणून निघाले. त्या कामी ते अयशस्वी ठरले व १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. परंतु जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या याच यंत्रावर शिकागोतील तरुणांनी ‘ॲसिड हाउस’ ही शैली घडविली. या शैलीचा उदय होण्यापूर्वीच, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे मुंबईचे वादक चरणजित सिंग (मृत्यू २०१५) यांनी हेच यंत्र वापरून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजविले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी त्या वेळी दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये नेदर्लंड्समधून पुनःप्रकाशित झाल्यावर तिला जगभर श्रोते लाभले.

अशा यंत्रांची जागा आज्ञावलीने घेण्याची प्रक्रिया १९९६ पासून वेगाने झाली. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने त्या वर्षी ‘व्हीएसटी’ ही पद्धती जाहीर केली. तिच्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या एका मुख्य आज्ञावलीत अन्य उत्पादकांच्या आज्ञावल्या जोडता येऊ लागल्या. १९९९ पासून ही सोय वाद्यांनाही लागू झाली. स्वीडनमधील प्रॉपेलरहेड कंपनीने ‘रीबर्थ’ (१९९७) या आज्ञावलीत टीबी-३०३ व त्याच कंपनीचे तालयंत्र टीआर-८०८ यांची संगणकीय प्रतिकृती सादर केली. पुढे ‘सर्ज’ (मुक्तस्रोत, २०१८) यांसारखी विनामूल्य वाद्येही उपलब्ध झाली. वितरणाच्या क्षेत्रात एमपी-३ या ध्वनिसंक्षेपनाने मार्ग मोकळा केला. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बँडकँप’वर रचनाकार आपली किंमत स्वतः ठरवितो आणि संकेतस्थळ विक्रीतील ठराविक हिस्सा घेते.

मूल्यमापन : निर्मितीचे स्वातंत्र्य वाढले, त्या मानाने जतनाची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. ‘एमपी-३.कॉम’ या संकेतस्थळावर असंख्य अपरिचित रचनाकारांचे संगीत होते. २००३ मध्ये त्याची मालकी बदलली व तो संग्रह काढून टाकण्यात आला. ‘मायस्पेस’वरील अनेक वर्षांचे संगीत नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. बँडकँपची मालकीही २०२२ व २०२३ अशा लागोपाठच्या वर्षांत दोनदा बदलली. वाद्यांची स्थिती फारशी निराळी नाही. रीबर्थची संगणकावरील आवृत्ती २००५ मध्ये बंद झाली, तर मोबाइलवरील आवृत्ती रोलंडने स्वामित्वहक्काचा आक्षेप घेतल्याने २०१७ मध्ये मागे घ्यावी लागली. संगणकाची कार्यप्रणाली बदलली की जुनी आज्ञावली चालत नाही, आणि केवळ तिच्या मांडणीच्या रूपात साठविलेली रचना पुन्हा वाजविता येत नाही. म्हणूनच प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्र ध्वनिफीत म्हणून जपून ठेवण्याची पद्धत जाणकार रचनाकार अवलंबितात.

चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा ऐकता आली, याचे कारण तिच्या प्रती लोकांच्या घरी व जुन्या मालाच्या दुकानांत टिकून होत्या. केवळ परक्या संकेतस्थळावर ठेवलेल्या रचनेस असा आधार नसतो. प्रकाशकाची सत्ता नाकारणाऱ्या रचनाकाराकडे प्रकाशकाचे एक जुने कर्तव्यही आपोआप येते. ते म्हणजे संगीत पुढील पिढीपर्यंत सांभाळून नेण्याचे.