दात्याची इच्छा आणि न्यायाची सीमा

ज्युबिलीच्या दिवशीं देणाऱ्यांचें स्मरण करण्याचा प्रघात आहे. दाता जातो, त्याचें दानपत्र उरतें; परंतु ज्या कामासाठीं दान दिलें तें कामच नाहींसें झालें तर काय करावें?

लिऑं शहरीं जन्मलेला सेनापति क्लॉड मार्टिन १८०० सालीं लखनौस वारला. कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्या कलकत्त्याच्या गरिबांस सोडविण्यासाठीं त्यानें मृत्युपत्रांत रक्कम ठेविली होती. पुढें असे कैदी उरले नाहींत व पैसा सांचला. लिऑं नगरीनें त्यावर हक्क सांगितला. १८७६ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, निष्फळ झालेल्या हेतूशीं मिळताजुळता हेतु आधीं शोधावा. जुन्या फ्रेंच भाषेंतून आलेल्या ‘सि प्रे’ या तत्त्वाचा अर्थ हाच : शक्य तितकें जवळ.

मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यांत कलमें ५५ व ५६ याच कामाचीं आहेत. मूळ हेतु साधेनासा झाला, किंवा उत्पन्न वापराविना पडून राहिलें, तर कोर्टानें नवी दिशा द्यावी. येथवर कोणाची तक्रार असावयाचें कारण नव्हतें. परंतु मूळ हेतु साधण्याजोगा असतांहि, तो लोकहितास इष्ट नाहीं एवढ्यावरून दान वळवितां येईल, अशीहि तरतूद त्यांत होती. उद्यां देवालयाचा पैसा रस्त्याकडे गेला तर? पंचमहालांतील वेजलपूर येथील श्वेतांबर जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी व मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनीं दाद मागितली. १९५४ च्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयातर्फे न्यायमूर्ति बिजनकुमार मुखर्जी यांनीं निर्णय दिला कीं, धार्मिक हेतु पार पाडणें शक्य असतां त्याचा पैसा ऐहिक कामाकडे वळविणें म्हणजे धर्मस्वातंत्र्यावर अतिक्रमण होय. कायदा मात्र रद्द झाला नाहीं. त्याचा बराच भाग, वर्गणीसुद्धां, टिकला. जैनांनीं व पारशांनीं लढलेल्या या लढ्याचें फळ आम्हां कॅथलिकांसहि मिळालें, हें आम्हीं मोकळ्या मनानें मान्य करावें.

तेव्हां आपलें शहर हैदराबाद राज्यांत होतें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला व पुढें हाच कायदा इकडेहि आला; आज तो महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो. म्हणून उस्मानपुऱ्यांतील एखाद्या विश्वस्त व्यवस्थेचा हेतु आज खुंटला, तर विश्वस्तांनीं आपसांत ठराव करून भागत नाहीं. धर्मादाय आयुक्त त्यांस कोर्टांत अर्ज करावयास सांगतो. त्यांनीं न केल्यास स्वतः करतो. कोर्ट प्रथम मूळ इच्छा पाहतें, आणि दान तोंडीं झालें असेल तर ती सिद्ध करणें फार कठीण जातें.