रेडीची जाळी

उघड्यावर ठेवलेल्या मांसात दोन-चार दिवसांत अळ्या वळवळायला लागतात. त्या सडक्या मांसातून आपोआप जन्मतात, असं युरोपातले बरेच शहाणे लोक ॲरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षं मानत होते. डोळ्यांना तर तसंच दिसायचं ना!

फ्लॉरेन्सच्या मेडिची दरबारात फ्रान्चेस्को रेडी नावाचा वैद्य होता. त्याला शंका आली की अळ्या माश्यांमुळे होत असाव्यात. त्याने साप, मासे, ईल आणि वासराचं मांस बाटल्यांत भरून तोंडं घट्ट बंद केली. तशाच आणखी बाटल्या उघड्या ठेवल्या. उघड्या बाटल्यांत अळ्या झाल्या, बंद बाटल्यांत नाहीत. १६६८ साली त्याने हे सगळं पुस्तकात छापलं.

आता शाळेच्या भाषेत सांगायचं तर आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, आणि त्याचा परिणाम जिथे बघतो ते अवलंबी चल. इथे माशीला वाट असणं-नसणं हे पहिलं, अळ्या होणं-न होणं हे दुसरं. झालं, तक्ता भरला!

पण थांबा. झाकण लावल्यावर माशी अडली, तशी हवाही अडली की. बदलायची होती एक गोष्ट, बदलल्या दोन. हवेवाचून अळ्या जन्मल्या नाहीत, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर देणार?

रेडीचं मोठेपण मला दिसतं ते इथे. त्याने बाटल्यांच्या तोंडाला बारीक जाळीदार कापड बांधलं. हवा आत, माशी बाहेर. मांस सडलं, वासाने माश्या येऊन कापडावर बसल्या, पण मांसात अळी नाही.

हाच पेच पुढे सूक्ष्मजंतूंच्या बाबतीत आला. १७६५ साली स्पालान्झानीने रस्सा उकळून बाटल्या बंद केल्या, तर विरोधक म्हणाले की उष्णतेने आतली हवाच निकामी झाली. शेवटी १८६० च्या सुमारास पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीची बाटली केली. हवा आत जाई, धूळ वळणात अडकून राही, आणि रस्सा नासत नसे. म्हणजे पुन्हा रेडीचीच जाळी, फक्त काचेची.

मध्यंतरी माझ्या भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी एक कुंडी खिडकीत आणि एक कपाटात ठेवली होती. वहीत लिहिलं होतं, स्वतंत्र चल: प्रकाश, अवलंबी चल: रोपाची उंची. मी विचारलं, "कपाटात वारा किती लागतो गं?" ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "मामा, ऊनसुद्धा नाही लागत, म्हणजे माती पण ओलीच राहणार." माझ्यापेक्षा एक पाऊल पुढेच गेली पोरगी!

गंमत म्हणजे, झाडांच्या गाठींत सापडणारे किडे झाडातूनच जन्मतात, असं खुद्द रेडी मानत राहिला. मांसावर जाळी बांधणाऱ्याला तिथे मात्र ती बांधावीशी वाटली नाही.

असो. तुमच्या घरी प्रदर्शनाची तयारी चालू असेल, तर दोन्ही चलांची नावं लिहून झाल्यावर मुलांना एवढंच विचारा: हे बदलताना अजून काय काय बदललं?