कवटीतल्या चार पिना

मागच्या वेळी आपण पोलिओपाशी थांबलो होतो. त्या आजारातून वाचलेल्या काहींची मान डोकं पेलूच शकत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात जॅकलिन पेरी आणि व्हर्नन निकेल यांनी त्यांच्यासाठी ‘हेलो’ वापरला. १९५९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. हेलो म्हणजे डोक्याभोवती कडं, कवटीत रुतवलेल्या चार पिनांवर पेललेलं. नाव प्रभावळीचं, पण टोचणारी प्रभावळ, बरं का!

आता प्रश्न असा, की पिन पिळायची किती? सैल राहिली तर हलते, हलली की जंतूंना वाट मिळते. अती पिळली तर कवटी भेदायची भीती. १९८६ मध्ये गार्फिन आणि सहकाऱ्यांनी १७९ रुग्णांचा हिशेब मांडला: ३६ टक्के जणांच्या पिना सैल झालेल्या, २० टक्के जणांना पिनेच्या जागी संसर्ग. पुढे प्रौढांसाठी ८ इंच-पौंड हे माप रूढ झालं. शिवाय एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा कसणं, आणि रोजची स्वच्छता.

पण घरी गेल्यावर मापयंत्र कुठलं? ‘इथे नव्यानं दुखतंय’, ‘खट वाजतंय’ हे रुग्णच सांगणार. दुखणं हा पुरावा मानायचा की नुसती तक्रार, हा आमच्या तत्त्वज्ञानातला जुना वाद. इथे मात्र तो पुरावाच धरायचा, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. पिन आपण घरी पिळायची नाही.