कूड, दिवा आणि वैमानिकाविना विमान

दिघाशीसारख्या भिवंडी तालुक्यातल्या गावात संमिश्र पदार्थ शिकवायचे झाले, तर आम्ही सुरुवात कुडाच्या भिंतीपासून करू. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि माती-शेणाच्या काल्याने लिंपायच्या. नुसत्या मातीला तडे जातात, नुसती काठी वाकते; दोन्ही मिळून भिंत उभी राहते. तंतू आणि त्याला धरून ठेवणारे माध्यम, एवढेच संमिश्र पदार्थाचे मर्म. विमानात काठीच्या जागी कार्बनचा तंतू येतो आणि मातीच्या जागी रेझिन. भिवंडीच्या मागावर सुताचे उभे-आडवे धागे विणतात, तसेच या तंतूचेही कापड विणतात.

गंमत अशी, की या तंतूचा इतिहास मजबुतीपासून सुरू होत नाही. १८८० साली एडिसनने बांबूचे धागे हवेविना भाजून त्यांचा कार्बन केला आणि दिव्यात वापरला, तो वीज वाहून नेण्यासाठी! पुढे टंगस्टन आले आणि कार्बनची तार मागे पडली. १९६० च्या सुमारास जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू केले, काही वर्षांतच ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या प्रयोगशाळेने ते अधिक बळकट केले. आता मागणी होती ताकदीची. तंतूतून वीजही जाते, याचा उपयोग करून घ्यायचे फारसे कुणाच्या मनात नव्हते.

ती आठवण करून दिली लहान विमानांनी. पुण्याजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेने आणि मुंबईच्या आयडियाफोर्जने मिळून 'नेत्र' हे मानवरहित विमान बनवले. सांगाडा कार्बन तंतूंचा, वजन सुमारे दीड किलो, बॅटरी वेगळी. उत्तराखंडात २०१३ च्या महापुरात ते शोधकार्यासाठी उडवले गेले. पण एका बॅटरीवर उड्डाण सुमारे तीस मिनिटांचे. त्यातच जायचे, पाहायचे आणि परतायचे. दरीत अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने ही वेळ थोडीच. मोठी बॅटरी लावावी, तर ती उचलण्यातच जास्तीची वीज खर्च होते.

मग बॅटरीनेच पंखाचे काम केले तर? अमेरिकेत २००२ साली 'वॉस्प' या सुमारे १७० ग्रॅमच्या विमानात लिथियम बॅटरी पंखाचाच भाग केली गेली. ते १ तास ४७ मिनिटे उडाले.

स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठ याच्याही पुढे गेले. तिथे भार पेलणारा कार्बन तंतूच बॅटरीचा ऋण अग्र होतो. २०२१ मध्ये त्यांच्या नमुन्यात किलोमागे २४ वॉट-तास ऊर्जा साठत होती आणि यंगचा गुणांक २५ गिगापास्कल होता. २०२४ मध्ये हे आकडे ३० आणि ७० झाले. ७० म्हणजे जवळपास अ‍ॅल्युमिनियमइतका ताठपणा. ऊर्जा मात्र नेहमीच्या लिथियम बॅटरीपेक्षा पुष्कळच कमी.

अडचण तंतूच्या आतच आहे. स्फटिक मोठे आणि नीट ओळीत असले, की तंतू ताठ होतो. लहान आणि विस्कळीत असले, की लिथियम साठवायला बरा. शिवाय पक्षी आपटून पंखाला भेग पडली, तर एका फटक्यात पंखही जायबंदी आणि बॅटरीही. कुडाला पडलेले भोक शेणमातीने बुजवता येते. असा पंख दुरुस्त करायचे साधे तंत्र अजून हाती आलेले नाही.