उधना स्थानक : कापसाची वाट, माणसांची वाट

रेल्वेचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा मोठ्या स्थानकांकडे जाते. लहान स्थानके वेळापत्रकापुरतीच उरतात. सुरतेच्या दक्षिणेस लागून असलेले उधना हे त्यांपैकीच एक. परंतु मराठी माणसाच्या स्थलांतराचा मागोवा घेणाऱ्यास येथे थांबल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला टप्पा १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण, म्हणजे नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यान, सुमारे २९ मैलांचा खुला झाला. १८६४ मध्ये हा मार्ग मुंबईस भिडला. कंपनीचे एक प्रवर्तक कर्नल केनेडी यांची दृष्टी मात्र याहून व्यापक होती. घाट चढण्याचा खटाटोप टाळून सुरतेहून तापीच्या खोऱ्याने खानदेश-वऱ्हाडात शिरावे, असे त्यांचे आग्रहाचे मत होते. सरकारने कौल दिला तो थळ घाटाला. त्यामुळे तापीकाठचा लोहमार्ग कित्येक वर्षे रखडला. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालील ताप्ती व्हॅली रेल्वेने तो १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत नेला, आणि उधन्याचे जंक्शन झाले.

या मार्गाचे आकर्षण खानदेशचा कापूस हे होते. पण कापसामागून माणसेही आली. सुरतेत कापडाचे माग वाढत गेले, तशी नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतील कुटुंबे याच गाडीने येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा येथे स्थिरावली. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली. नवापूर स्थानकातून तर सीमारेषाच गेली. माणसांची ये-जा मात्र थांबली नाही. आज उधना सुरत शहरात सामावले आहे, आणि नवसारीकडील व बारडोलीकडील नोकरदारही येथे चढतात-उतरतात.

कंपन्यांची दप्तरे माल मोजतात, भाडे मोजतात; कोणते कुटुंब कोठून आले हे ती सांगत नाहीत. ते सांगणारे साधन आपल्या हाताशी आहे. सुरतेतील मराठी माध्यमाच्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत जन्मस्थळाचा एक रकाना असतो. तो रकाना ताप्ती मार्गावरील स्थानकांच्या नावांशी ताडून पाहिला, तर या वस्तीचा इतिहास पिढीवार मांडता येईल. ही रजिस्टरे जीर्ण होतात, शाळा बंद पडल्या की विखुरतात. ती जपणे हे शिक्षकांचे काम आहे, आणि त्यांचे वाचन करणे हे साहित्यसंस्थांचे. दोहोंपैकी एकानेही हयगय केली, तर उधन्याच्या इतिहासात कापूस राहील, माणसे राहणार नाहीत.