बायकॉट : माणसाच्या नावाचा शब्द झाला त्याची गोष्ट

बातम्यांमध्ये एक इंग्रजी शब्द आपण नेहमी ऐकतो, बॉयकॉट. इंग्रजीत जोर पहिल्या 'बॉय'वर देतात. आपल्या तोंडी त्याचं 'बायकॉट' झालं. अर्थ, बहिष्कार. त्यात 'बायका' ऐकू येतात तो योगायोग, पण या शब्दाच्या गोष्टीत बायका खरोखरच आहेत.

गोष्ट आयर्लंडमधल्या मेयो जिल्ह्याची, १८८० सालची. तिथे लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. पीक हाती लागलं नव्हतं, म्हणून कुळांनी खंडात शंभराला पंचवीस सूट मागितली. जमीनदार दहाच द्यायला तयार झाला. सप्टेंबरात कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा घेऊन माणूस आला, सोबत पोलीस. तेव्हा बायका धावून आल्या. चिखल आणि शेण असं फेकलं, की त्याला बॉयकॉटच्या घरात आसरा घ्यावा लागला.

मग साऱ्या गावानं बॉयकॉटशी संबंध तोडले. मजूर गेले, दुकानदार माल देईनात, धोबीण कपडे धुईना. शेवटी बाहेरून पन्नासेक माणसं आणून पीक काढलं, भोवती शेकडो सैनिक आणि पोलीस. पीक पाचशे पौंडांचं, खर्च दहा हजारांच्या घरात! डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

अशा वागण्याला इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' हा जुना शब्द होता. पण खेड्यातल्या लोकांना तो जड जाईल, असं तिथले पाद्री ओमॅली यांना वाटलं. त्यांनीच कारभाऱ्याचं नाव सुचवलं. शब्द तोंडात बसला आणि जगभर गेला. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, तेव्हा टिळकांनी विलायती मालावर बहिष्कार घालायला सांगितलं, तेही हेच हत्यार.

पण मैत्रिणींनो, आपल्याकडे याच हत्याराची दुसरी बाजूही आहे. 'वाळीत टाकणं' आपल्याला जुनंच ठाऊक आहे. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, की जातपंचायत घराचं बोलणं बंद करते. किराणा मिळत नाही, मयताला कोणी येत नाही. मेयोत कुळांनी सत्तेवरच्या माणसाला एकटं पाडलं. इथे सगळे मिळून एका दुबळ्या घराला एकटं पाडतात. शब्द एकच, न्याय उलटा.

म्हणून महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "त्यांच्याशी बोलायचं नाही," तर एवढंच विचारा : आपण कोणाला एकटं पाडतोय, जुलूम करणाऱ्याला की सोसणाऱ्याला?