हृदयाचे चुंबकत्व आणि एक शांत खोली

🧵 १/ ३१ डिसेंबर १९६९. अमेरिकेतील एमआयटीच्या आवारात, धातूच्या जाड भिंतींच्या एका खोलीत, जेम्स झिमरमन हे शास्त्रज्ञ अंगावरचे कपडे उतरवून एका उपकरणाजवळ गेले. उपकरण त्यांनीच घडवले होते, आणि त्यावर पहिली नोंद होणार होती त्यांच्याच हृदयाची. त्वचेला एकही तार न लावता!

२/ हृदयाच्या स्नायूंतून वीज वाहते आणि जिथे वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र असते. मात्र हृदयाचे हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या जेमतेम दहा लाखावा भाग असते. मेंदूचे त्याहूनही सुमारे शंभरपट क्षीण. शहरातील लिफ्ट, मोटारी आणि विजेच्या तारा यांच्या कोलाहलात हा आवाज ऐकायचा कसा?

३/ पहिले यश १९६३ मध्ये सिरॅक्यूज येथे गेरहार्ड बॉले आणि रिचर्ड मॅकफी यांना मिळाले. त्यांच्याकडे होती तांब्याच्या तारेची, लक्षावधी वेढ्यांची दोन वेटोळी, एकमेकांविरुद्ध जोडलेली. दूरचा गोंगाट दोन्हींत सारखाच उमटतो, म्हणून वजा होतो. जवळच्या हृदयाचा ठसा मात्र उरतो. ही युक्ती लक्षात ठेवा.

४/ आता थोडे मागे, इंग्लंडमधील केंब्रिजला. १९६२ मध्ये ब्रायन जोसेफसन या अवघ्या २२ वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने भाकीत केले की, दोन अतिवाहकांमध्ये विद्युत्‌रोधकाचा अत्यंत पातळ पडदा असला तरी त्यातून विनाव्होल्टेज प्रवाह वाहील. नोबेल विजेते जॉन बार्डीन यांनी छापील टिपणातून हे अमान्य केले.

५/ गंमत अशी की, असा प्रवाह काही प्रयोगशाळांत आधीच दिसला होता. पडद्यात कुठे तरी दोष राहिला असावा, असे समजून तो सोडून दिला गेला. १९६३ मध्ये बेल लॅब्समध्ये फिलिप अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी तो ओळखला. ओळखीची खूण कोणती? पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अडवताच प्रवाह वाढला.

६/ म्हणजे हा परिणाम चुंबकीय क्षेत्राला कमालीचा हळवा होता. हाच हळवेपणा १९६४ मध्ये मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत कामी आला. जॅकलेविक, लँब, सिल्व्हर आणि मर्सेरो यांनी अतिवाहक कड्यात असे दोन जोड बसवले. कड्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र किंचित बदलले की प्रवाह लाटेसारखा कमी-जास्त होई. हाच ‘स्क्विड’. याच प्रयोगशाळेत झिमरमन आणि सिल्व्हर यांनी पुढचे काम केले.

७/ इथे एक पेच होता. स्क्विडला थंड ठेवायला उणे २६९ अंश सेल्सिअसचा द्रवरूप हेलियम मिळत होता. शांतता मात्र मिळत नव्हती. कान जितका तिखट, तितका गोंगाटही मोठा. केवळ संवेदनक्षमता वाढवून प्रश्न सुटणार नव्हता.

८/ शांतता होती डेव्हिड कोहेन यांच्याकडे. एमआयटीत त्यांनी चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकात एक रचून खोली उभारली होती. १९६८ मध्ये तांब्याच्या वेटोळ्याने त्यांनी मेंदूचेही क्षेत्र टिपले होते. पण त्या वेटोळ्याची स्वतःची खरखरच फार होती. खोली होती, कान नव्हता. झिमरमन यांच्याकडे कान होता, खोली नव्हती. एडगर एडेल्सॅक यांनी दोघांची गाठ घालून दिली.

९/ त्या रात्री हृदयाचे ठोके स्वच्छ उमटले. १९७० मध्ये तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९७२ मध्ये कोहेन यांनी स्क्विडने मेंदूची नोंद केली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी झटक्याचे उगमस्थान शोधण्यासाठी वापरली जाणारी एमईजी तपासणी याच वाटेने आली. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्क्विड आणि त्यावर आधारित हृदय व मेंदूच्या मापनयंत्रणा देशातच विकसित केल्या आहेत.

१०/ आणि ती विरुद्ध जोडलेल्या वेटोळ्यांची युक्ती? तांबे गेले, पण ती टिकली. स्क्विडला जोडलेली अतिवाहक वेटोळी आजही त्याच तत्त्वावर गुंडाळली जातात. जोसेफसन यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला आणि ते योग्यच होते. परंतु शोधांचा इतिहास लिहिताना कानाबरोबर खोलीचीही नोंद ठेवायला हवी. क्षीण आवाज ऐकू आला, कारण कोणीतरी आधी शांतता बांधून ठेवली होती.